थ्रू द एजेस ॲपचा रिव्ह्यू : नियम सांभाळणारा भिडू स्क्रीनमध्ये बसवलाय

बोर्ड गेम खेळणाऱ्या प्रत्येक घोळक्यात एक जण असतोच ज्याला सगळे नियम पाठ असतात. आमच्यात तो माझा दादा. तो स्वतः खेळत असतो पण लक्ष सगळ्यांच्या बोर्डवर, आणि आपण खेळी संपवून निवांत मागे टेकलो की हळूच म्हणतो, "थांब, तुझी एक ॲक्शन उरलीय, वापरणारेस का?" कुठे वापर ते सांगत नाही, कधीच नाही सांगणार, फक्त उरलीय एवढंच. (ॲक्शन म्हणजे एका खेळीत मोजून मिळणाऱ्या चाली.) दादा टोरांटोला गेला आणि आमचं टेबल मोडलं, आणि मग आम्ही दोघं ॲपवर खेळायला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात मला जाणवलं की या ॲपमध्ये कोणीतरी दादालाच बसवलंय.

ते ॲप म्हणजे थ्रू द एजेस. चेक गेम्स एडिशन या कंपनीचं. मूळ बोर्ड गेम व्लादा ख्वातिल या डिझायनरचा, २००६ चा, मग २०१५ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि ॲप त्या नव्या आवृत्तीवर आहे, २०१७ मध्ये फोन आणि टॅबसाठी आलं, पुढच्या वर्षी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरसाठी. (कोडनेम्स खेळला असाल तर तोही याच माणसाचा, पण दोन्ही गेम शेजारी ठेवले तर खरं वाटणार नाही, कोडनेम्स पंधरा मिनिटांत संपतो आणि हा टेबलावर खेळायला बसलात तर अख्खी दुपार जाते.)

हा रिव्ह्यू मी खेळाडू म्हणून कमी आणि डिझायनर म्हणून जास्त लिहितेय. आम्ही चार मित्रमैत्रिणी मिळून दीड वर्ष एक छोटा डिजिटल बोर्ड गेम करतोय, कोकणातल्या खाडीवरच्या मासळी बाजारावर, मराठीत, आणि त्यातले ग्राफिक्स आणि मेनू माझ्याकडे आहेत. सुरुवातीला मला वाटलं होतं की चित्रं काढणं हे मोठं काम आणि मेनू म्हणजे चार बटणं. उलटं निघालं. होड्या, टोपल्या, सुरमई, बांगडा हे सगळं तीन महिन्यांत काढून झालं आणि बाकीचा सगळा वेळ कुठलं बटण कधी दिसावं, किती आकडे एका वेळी दाखवावेत, चुकीचं दाबलं तर काय व्हावं यात गेला, अजून जातोय. म्हणून मग दुसऱ्यांची ॲप्स उघडून नुसते मेनू बघत बसायची सवय लागली, आणि फिरून फिरून मी याच ॲपवर येते.

आधी गेम थोडक्यात सांगते, नाहीतर मेनूचं कौतुक कळणार नाही. तुम्ही एक संस्कृती उभी करता, प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंत. मध्ये १३ कार्डांची रांग असते, पहिली पाच कार्डं एका ॲक्शनला, पुढची चार दोनला, शेवटची चार तीनला, आणि प्रत्येक खेळीत रांग पुढे सरकते तशी कार्डं स्वस्त होत जातात, म्हणजे हवं असलेलं कार्ड आत्ता महाग घ्यायचं की थांबायचं आणि मधल्या मध्ये दुसऱ्याने उचललं तर, ही सगळी मजा त्या रांगेत आहे. आश्चर्यं बांधायची असतात, पिरॅमिड आहेत, ताजमहाल आहे. नेते आहेत, ॲरिस्टॉटल, नेपोलियन, शेवटच्या युगात आइन्स्टाइन आणि आपले गांधीजी. गांधीजी घेतले तर तुम्ही स्वतः कोणावर हल्ला करू शकत नाही आणि तुमच्यावर हल्ला करणाऱ्याला दुप्पट लष्करी ॲक्शन मोजाव्या लागतात, हे कार्ड पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतकं आवडलं होतं की नियमातून माणूस कसा उभा करतात ते मी त्या एका ओळीत शिकले.

आता खरी गोष्ट, हिशेब. या गेममध्ये हिशेब प्रचंड आहे. निळी टोकन म्हणजे धान्य आणि माल, पण एका टोकनची किंमत ते कुठल्या कार्डावर ठेवलंय त्यावर ठरते. कांस्याच्या खाणीवर असेल तर १, लोखंडावर २, कोळशावर ३, तेलावर ५. म्हणजे समोर सहा टोकन दिसतायत पण माल किती आहे हे डोक्यात बेरीज करून काढायचं, आणि खर्च करताना पुन्हा सुटे पैसे द्यावेत तसं मोठ्या कार्डावरचं टोकन उचलून छोट्यावर ठेवायचं. वर साठा खूप झाला की बँकेतली, म्हणजे अजून न वापरलेली, निळी टोकन कमी होतात आणि मग भ्रष्टाचार, २, ४ किंवा ६ माल वाया. पिवळी टोकन म्हणजे लोकसंख्या, ती वाढली की जेवायला जास्त लागतं आणि लोक नाराजही होतात, आणि रिकाम्या कामगारांपेक्षा नाराज लोक जास्त झाले की उठाव, त्या खेळीचं सगळं उत्पादन बुडालं. टेबलावर हे सगळं प्रत्येकाने स्वतः प्रत्येक खेळीच्या शेवटी ठरलेल्या क्रमाने करायचं असतं. चार जण असले की कोणीतरी चुकतोच, आणि दोन खेळ्यांनंतर लक्षात आलं की काय करायचं यावर पुन्हा अर्धा तास चर्चा.

ॲप हा सगळा हिशेब उचलतं. पण असं तर कुठलंही ॲप करेल ना, कॉम्प्युटर आहे, बेरीज करणारच. कौतुक त्याचं नाहीये. हिशेब उचलताना खेळाडूच्या हातातून निर्णय काढून घेतलेला नाही, याचं आहे.

खेळी संपवायचं बटण दाबलंत की ॲप आधी बघतं. ॲक्शन उरल्यात? सांगतं. उठाव होणारे? सांगतं. भ्रष्टाचारात माल जाणारे? सांगतं. आणि मग विचारतं की संपवायचीच का. अगदी दादासारखं. "हे कार्ड घे" असं सुचवत नाही, चमकणारा बाण दाखवत नाही, फक्त नियमामुळे आता काय घडणार आहे ते समोर ठेवतं. आणि तुम्ही म्हणालात हो, तर हो. कधी कधी खरंच मुद्दाम भ्रष्टाचार सोसायचा असतो कारण पुढच्या खेळीत आश्चर्य पूर्ण करायला तेवढा साठा लागणार असतो, तर ॲप अडवत नाही.

हे किती अवघड आहे ते स्वतः करायला घेतल्यावर कळतं. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये मी प्रत्येक गोष्टीला "नक्की का?" विचारणारी खिडकी टाकली होती. मासे विकायचेत? नक्की का? होडी दुरुस्त करायचीय? नक्की का? आईला खेळायला दिलं, आणि चौथ्या मिनिटाला ती न वाचता "हो" दाबायला लागली. सातव्या मिनिटाला तिने आपली एकमेव होडी विकली, खिडकी आली होती, तिने हो दाबलं होतं. सारखं सारखं विचारलं की माणूस वाचायचं थांबवतो आणि मग खरंच विचारायची वेळ येते तेव्हा ती खिडकी मेलेली असते. थ्रू द एजेसमध्ये अधल्यामधल्या खेळीला असं टोकत नाहीत कारण तिथे मागे घ्यायची सोय आहे, कार्ड घेतलं, बांधकाम केलं, छे नको, घ्या मागे, जोवर झाकलेलं काही उघडत नाही तोवर चालतं. विचारणं फक्त तिथे, जिथून परत येता येत नाही. मी हे एक तत्त्व जसंच्या तसं उचललं आणि आमच्या गेममधल्या अकरा खिडक्यांच्या दोन झाल्या.

ट्यूटोरियलबद्दल बोलायलाच हवं. स्वतः व्लादा, म्हणजे त्याचं कार्टून, तुम्हाला शिकवायला येतो, गप्पा मारतो, टोमणे मारतो, आणि खेळता खेळता एकेक गोष्ट उघडत जातो. पहिल्यांदा सगळं दाखवतच नाहीत. लष्कर नंतर, आक्रमणं नंतर. इतक्या जड गेमचं नियमपुस्तक हातात दिलं तर निम्मे लोक तिथेच उठून जातील, इथे तासाभराने तुम्ही खेळत असता आणि कधी शिकलात ते कळत नाही. घरात पत्ते शिकवतो तसंच आहे की हे, पाच-तीन-दोन शिकवताना आपण कुठे आधी सगळे नियम सांगतो, "तू टाक, मी सांगते" म्हणतो. बऱ्याच ॲप्समध्ये ट्यूटोरियल म्हणजे एकामागून एक मजकुराचे बोर्ड, पुढे, पुढे, पुढे, आणि शेवटी "आता खेळा". एका बऱ्यापैकी नावाजलेल्या गेमच्या ॲपमध्ये मी असे पानंच्या पानं दाबत गेले आणि गेम सुरू झाल्यावर पहिली खेळी कुठून करायची तेच कळेना, कारण जे बटण शिकवलं होतं ते मेनूतल्या दुसऱ्याच पानात लपलेलं होतं.

आकड्यांची मांडणी बघा. किती आहे आणि दर खेळीला किती येतं, या दोन गोष्टी खेळाडूला सारख्या लागतात, आणि त्या चिन्ह आणि आकडा अशा जोडीने येतात, वाक्यं नाहीत. चिन्हं टेबलावरच्या गेममधलीच, म्हणजे डब्यातला गेम खेळलेल्याला नवीन भाषा शिकायला लागत नाही आणि ॲपवर शिकलेला उद्या टेबलावर बसला तरी अडत नाही. पांढरं म्हणजे नागरी ॲक्शन, लाल म्हणजे लष्करी, हेही तसंच. मी आमच्या गेममध्ये सुंदर दिसावं म्हणून कागदी प्रोटोटाइपमधली चिन्हं बदलली होती, भरती-ओहोटीसाठी चंद्र काढला होता, फार छान जमला होता तो चंद्र, पण कागदावर खेळलेले सगळे जण लाटेचं चिन्ह शोधत होते. चंद्र गेला, लाट परत आली.

रंगांवरून एक आडवळण घेते. टिकिट टू राइड या रेल्वेच्या बोर्ड गेममध्ये रंगाबरोबर प्रत्येक रंगाच्या कार्डाला वेगळं चिन्हही असतं, म्हणजे ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यालाही खेळता येतं. युरोपियन वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के लोकांना रंगांधत्व असतं म्हणतात, आणि आपल्याकडेही आसपास बघितलं तर कोणी ना कोणी निघतं, आमच्या चौघांतलाच एक निघाला, आणि तो प्रोग्रॅमर आहे, सहा महिने तो माझे पिकलेले आणि कच्चे आंबे एकच समजत होता आणि बोलला नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक पडदा आधी काळापांढरा करून बघते. त्यात कळलं नाही तर रंगात चालणार नाही.

आता सगळ्यांनी याच ॲपसारखं करावं असं नाही हां. विंगस्पॅन घ्या, एलिझाबेथ हारग्रेव्हचा पक्ष्यांचा गेम, २०१९ चा, त्याचं डिजिटल रूप मॉन्स्टर काउच या पोलंडच्या स्टुडिओने २०२० मध्ये आणलं. मूळ डब्यात १७० पक्षी आहेत, आणि डिजिटलमध्ये पक्षी कार्डावर हलतात, त्यांचा आवाज येतो, माहिती वाचून दाखवतात. तिथे हिशेब तुलनेने हलका आहे, चार फेऱ्या, ८, ७, ६, ५ अशा कमी होत जाणाऱ्या खेळ्या, म्हणून मग तिथे डिझायनरने जागा वातावरणाला दिलीय, जंगल, गवताळ माळ, पाणथळ. रात्री हेडफोन लावून खेळलं की दिवसभराचा शीण जातो, खरंच. पण तोच थाट थ्रू द एजेसला केला असता तर माल किती उरलाय ते शोधताना जीव गेला असता. गेममध्ये खेळाडूचं डोकं कशात गुंतलेलं असतं ते आधी ओळखायचं आणि मग चित्राला किती जागा ते ठरवायचं, हे मला या दोन ॲप्समधल्या फरकाने शिकवलं.

आणि लुडो किंगला विसरून कसं चालेल. २०१६ चं, आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशनचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरात तेच होतं, आमच्या आत्या, ज्यांना इंग्रजी मेनू वाचता येत नाही, त्याही खेळायच्या. कारण पट ओळखीचा, फासा ओळखीचा. त्यांना मी विचारलं, "आत्या, तुम्हाला कसं कळतं कुठे दाबायचं?" तर म्हणाल्या, "सोंगटी हलायला लागते ना गं." बस. जी सोंगटी चालवता येते ती हालचाल करून बोलावते. मी हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलंय.

थ्रू द एजेसमध्ये मराठी नाहीये, हे सांगायला हवं. अपेक्षाही नव्हती, पण त्यामुळे आत्यांना ते देता येत नाही आणि कार्डांवर वाचायचं भरपूर आहे. मराठीत असे मेनू करायचे तर काय काय आडवं येतं ते मी आता तोंडपाठ सांगू शकते. पहिलं म्हणजे उंची. इंग्रजीसाठी केलेल्या बटणात "खेळी" लिहिलं की वरची वेलांटी कापली जाते, आणि "राष्ट्र" किंवा "खरेदी करू" मध्ये खालची बाजू. ओळीत जागा वाढवावीच लागते, आणि मग सगळी मांडणी खाली सरकते. ॲपलच्या सूचनांप्रमाणे बोटाने दाबायची गोष्ट किमान ४४ बाय ४४ पॉइंटची हवी, अँड्रॉइडला ४८, तर मी ते कमीत कमी न धरता सुरुवातच ५६ पासून करते, मराठी अक्षर मोकळं बसतं आणि आईचं बोटही. दुसरं, इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवतात ते. पहिल्यांदा आम्ही ज्या इंजिनात काम सुरू केलं त्यात देवनागरी नीट जुळायचीच नाही, "किल्ला" मधली ऱ्हस्व वेलांटी क च्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची, आठ दिवस त्यात गेले. मग गोडो ४ या इंजिनवर आलो, २०२३ मध्ये आलेलं, त्यात अक्षरं जुळवायला हार्फबझ आहे आणि मराठी पहिल्या झटक्यात बरोबर दिसलं, तेव्हा आम्ही रात्री दोन वाजता एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवत होतो. तिसरं, ल आणि श. मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतात, फॉन्टमध्ये ते असले तरी भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. आम्ही 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरतोय, मुंबईचीच मंडळी आहेत ती, फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही वाचता येतो.

आणि शब्द. एन्ड टर्नला काय म्हणायचं यावर आमची दोन तासांची मीटिंग झालीय. "तुमची पाळी" हे व्याकरणाने बरोबर आहे पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ आधी मनात येतो, मैत्रिणीने सांगितलं की पडद्यावर मोठ्या अक्षरात ते नको. "डाव" म्हटलं तर अख्खा गेम की एक खेळी? शेवटी "तुमची खेळी" आणि "खेळी संपवा" ठरलं. अनडूला "मागे घ्या", कारण पत्ते खेळताना आपण तेच म्हणतो, "टाकलेलं पान मागे घ्यायचं नाही". असे शब्द आधीच घरात असतात, फक्त आठवावे लागतात.

घ्यावं का, तर हो, घ्या. पण फोनपेक्षा टॅबवर, १३ कार्डांची रांग आणि आपला बोर्ड एका नजरेत यायला हवा, आणि चष्मा असेल तर टॅबच. ट्यूटोरियल सोडू नका, टेबलावर खेळला असाल तरीही. त्यानंतर आधी कॉम्प्युटरबरोबर दोन-तीन गेम, मग चॅलेंजेस, एकट्याने खेळायची ती कोडी फार सुंदर बनवलीयत, नेहमीचे नियम थोडे वाकवून. माणसांशी खेळायचं तर पहिला गेम दोघांतच खेळा, चौघांत वाट बघण्यात लय तुटते. आणि माझ्यासारखं कोणी गेमचे मेनू करत असेल तर खेळताना एक वही ठेवा, ॲपने कधी टोकलं आणि कधी गप्प राहिलं एवढंच लिहा. माझी वही तीन गेममध्ये भरली.

दूरच्या माणसाशी खेळायला तर हे फारच छान, कारण एकाच वेळी बसावं लागत नाही. तिकडे दादाची रात्र असते, इथे माझी सकाळ, तो झोपण्याआधी खेळी करतो आणि मी चहा घेता घेता बघते की त्याने काय केलंय. आत्ताचा गेम शेवटच्या युगात आलाय. तो संस्कृतीच्या गुणांत माझ्या पुढे आहे, लष्करात मी त्याच्या पुढे आहे, आणि काल त्याने गांधीजी घेतले. हल्ला करायचा तर दुप्पट लष्करी ॲक्शन लागणार आणि माझ्याकडे तेवढ्या नाहीत, एक कमी पडतेय. संध्याकाळपर्यंत विचार करायला वेळ आहे.